प्रतीक्षा यादीतील लेकरे

स्मरणिकेसाठी लिहावयाचे म्हटले म्हणजे लेखणी आपोआप कृतज्ञतेकडे वळते, आणि ते योग्यच आहे. आम्ही म्हणजे या वसतिगृहातून बाहेर पडलेले आणि आज स्वतः आई-बाप झालेले काही माजी विद्यार्थी. पहाटेची घंटा, अंगणातील सामुदायिक त्रिशरण-पंचशील, खारपाणपट्ट्यातील पाण्यात तासन्‌तास न शिजणारी तुरीची डाळ, खाटेखालची लोखंडी पेटी आणि तिच्या तळाशी जपून ठेवलेले घरचे पत्र, एवढ्या शिदोरीवर आम्ही येथून निघालो. आमच्यातील वडीलधाऱ्यांना तर बनोसा स्थानकावर शकुंतला गाडीतून उतरून बापाचे बोट धरून शाळेपर्यंत चालत आल्याचे आठवते. ज्या घरात दिवा लावायला तेल नव्हते, त्या घरातील मुलाला येथे दिवाही मिळाला आणि पुस्तकही. हे ऋण शब्दांनी फिटणारे नाही.

तथापि या प्रसंगी केवळ ऋण मान्य करून थांबावे असे आम्हांस वाटत नाही. गेल्या काही वर्षांपासून प्रत्येक स्नेहसंमेलनात, प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास ऐकू येते: "यंदाही आपल्या शाळेची प्रतीक्षा यादी वाढली." त्यावर टाळ्या पडतात. आम्हीही त्या वाजविल्या आहेत. पण यादीतील प्रत्येक ओळ म्हणजे दाराबाहेर उभे असलेले एक लेकरू आहे, हे एकदा ध्यानात आले की टाळीसाठी उचललेला हात खाली येतो. प्रतीक्षा यादी ही संस्थेच्या नावलौकिकाची पावती खरीच. परंतु ती समाजाच्या अंगावरील देण्याची वहीदेखील आहे. ही वही नीट लिहिली जाते का, आणि त्यातील देणे कमी करण्यासाठी आपण काय करणार आहोत, या दोन प्रश्नांविषयी हा लेख आहे.

नाव तरी लिहून ठेवा

दोन वर्षांपूर्वीचा जून महिना. आमच्यापैकी काही जण शाळेच्या कार्यालयात वह्यावाटपाच्या कामासाठी बसलो होतो. पूर्णाकाठच्या एका गावातून एक बाई आली. कडेवर चार वर्षांचा मुलगा, पदराला धरून नऊ वर्षांची मुलगी. तिला मुलाचे नाव नोंदवावयाचे होते. लिपिकाने समजावून सांगितले की वसतिगृहातील प्रवेश पाचवीपासून आहेत आणि एवढ्या लहान मुलाचे नाव यादीत घेता येत नाही. बाई हलली नाही. म्हणाली, "नाव तं लिहून ठेवा सर, नंबर लागन तवा लागन. वावरात नेलं तं इच्चू-काट्याचं भेव, घरी ठेवलं तं कोनापाशी ठेवू?"

त्या प्रश्नाला कार्यालयात कोणाजवळही उत्तर नव्हते. बाई गेल्यानंतर सहज चौकशी केली तेव्हा कळले की ती मोठी मुलगी गावच्या शाळेत पटावर आहे, पण कापूस वेचणीच्या दिवसांत महिना-महिना वर्गात जात नाही. भावाला सांभाळते. म्हणजे आमच्याकडे नाव नोंदवायला आलेले मूल एक होते आणि वाट पाहणारी मुले दोन होती. दुसरीचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. आणखी एका वर्षाने ती पाचवीच्या प्रवेशासाठी या दारात आली असेल, तर तिला धड वाचता येत नाही असे चाचणीत निघाले असेल आणि तिचा क्रमांक खाली गेला असेल. त्या कागदावर तिचा दोष लिहिला गेला असेल. भाऊ कडेवर घेऊन काढलेले तीन हिवाळे त्या कागदावर कोठेही नसतील.

वऱ्हाडात वेचणी हे बहुतांशी स्त्रियांचे काम आहे. दसऱ्याच्या आगेमागे पहिला वेचा सुरू होतो आणि पुढे संक्रांत ओलांडेपर्यंत वेचे चालू राहतात. मजुरी वजनावर मिळते. कडेवरच्या मुलाला बांधावर ठेवून दर थोड्या वेळाने त्याच्याकडे धावणाऱ्या आईची ओटी कमी भरते आणि संध्याकाळी काट्यावर तिचे वजन कमी उतरते. मूल सोबत नेले तर मजुरी कापली जाते, घरी ठेवले तर मुलगी शाळेतून कापली जाते. एखाद्या बाभळीला झोळी बांधता आली तर नशीब. आपल्याकडील काळ्या सपाट वावरात पुष्कळदा तेवढेही झाड नसते.

गावात अंगणवाडी आहे, असे कोणी म्हणेल. आहे, आणि तिने पुष्कळ केले आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातील अगदी पहिल्या प्रकल्पांत आपल्याच जिल्ह्यातील धारणीचा समावेश होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु अंगणवाडी दुपारीच सुटते, आणि वेचणीला गेलेली बाई दिवस मावळताना परतते. या दोहोंमधील तास कोणी भरून काढावयाचे? आज ते नऊ-दहा वर्षांच्या मुली भरून काढीत आहेत.

शहरात गेलेल्यांचीही तीच गत

हा प्रश्न केवळ मजूर घरांचा आहे असा समज होऊ नये. आमच्यातील काही जण शिकून पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेले. त्यांतील एका जोडप्याची हकीकत आम्हां सर्वांना ठाऊक आहे. बाळ पोटात असतानाच त्यांनी एका पाळणाघरात नाव नोंदविले होते. प्रसूतीची रजा संपत आली तरी "तुमचा नंबर सातवा आहे" हेच उत्तर मिळत होते. पुढे समजले की त्यांच्या मागून नाव नोंदविलेल्या दोन घरांची मुले केव्हाच आत गेली होती. यादी होती, पण ती कोणाला दाखविली जात नव्हती. शेवटी दर्यापूरहून आजीला बोलावून घेतले. आजी गेली, तिच्या वाट्याचे घर, शेजार, विहारातील रविवारची वंदना, सारे मागे राहिले. आणि तिच्या आधारावर गावातच राहिलेल्या धाकट्या सुनेचे लेकरू पुन्हा कोणाच्या तरी भरवशावर आले. शहरातील एक जागा भरली तेव्हा गावातील एक जागा रिकामी झाली. आज आपल्या समाजातील कितीतरी आज्या अशा दोन घरांमध्ये विभागल्या गेल्या आहेत.

साता समुद्रापलीकडेही हा प्रश्न सुटलेला नाही, परंतु तेथे तो वेगळ्या रीतीने मांडला गेला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक बालकाला बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क मिळाला. तरीही जागा अपुऱ्या पडल्या. तेव्हा लाइपझिग शहरातील तीन माता न्यायालयात गेल्या, आणि २०१६ मध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निर्णय दिला की वेळेत जागा न मिळाल्यामुळे आईची मजुरी बुडाली असेल तर तिची भरपाई मागता येते. यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की जेथे हक्क मान्य झाला तेथे थांबलेल्या यादीचा जाब यादी ठेवणाऱ्याला द्यावा लागतो. आपल्याकडे मात्र नंबर लागला नाही की आई-बाप स्वतःच्या नशिबाला बोल लावतात, किंवा ओळखीच्या माणसाचे दार ठोठावतात.

बाबासाहेबांनी हा प्रश्न पाहिला होता

आपल्या चळवळीला वसतिगृहांचा इतिहास मोठा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९०८ मध्ये, कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने लगोलग १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. आपल्याच परिसरातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकर हवी, हे या सर्वांनी ओळखले होते. आपली शाळा त्याच परंपरेतील आहे.

परंतु त्याच परंपरेतील दुसरी एक बाजू आपल्या व्याख्यानमालांत फारशी येत नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४५-४६ च्या सुमारास, खाणींवर काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी खाणमालकांनी पाळणाघरे ठेवावीत अशी तरतूद खाणींच्या कायद्यात आली. ज्यांनी आपल्याला 'शिका' म्हटले, त्यांच्याच खात्यातून कोळशाच्या खाणीवरील तान्ह्या मुलाच्या पाळण्याची व्यवस्था झाली, हे आपण विसरता कामा नये.

यानंतर कायदे होत गेले. १९४८ च्या कारखाने कायद्याने मोठ्या संख्येने स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांना पाळणाघराची अट घातली. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर एका स्त्रीला त्यांना सांभाळण्याचे काम देऊन तिलाही मजुरी द्यावी, असे म्हटले गेले. हे सारे चांगले आहे. पण आमच्या दारी आलेल्या त्या बाईला यांपैकी कोणता कायदा लागू पडतो? ती आज एका शेतकऱ्याच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. तिचा मालक रोज बदलतो. पन्नास माणसांची आस्थापना तिने पाहिलेली नाही. ती कायद्याच्या प्रत्येक चाळणीतून खाली पडते.

संविधानाकडे पाहिले तरी हेच दिसते. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे होते. खालच्या वयाची मर्यादा त्यात घातलेली नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला; सहा वर्षांखालील मुले मात्र मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यातही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन आवश्यक ती व्यवस्था करू शकेल एवढेच आहे. हक्काची रेघ सहाव्या वर्षावर ओढली गेली आणि त्या रेघेच्या अलीकडचे मूल सांभाळता सांभाळता पलीकडच्या मुलीचा हक्क बुडाला.

कोसबाडने दाखविलेली वाट

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो महाराष्ट्रातच सापडलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी वस्तीतील मुले शाळेत का येत नाहीत, याचा त्यांनी मुलांच्या घरी जाऊन शोध घेतला. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सोडून येऊ शकत नाही, हे एक कारण सापडले. तेव्हा त्यांनी धाकट्यालाही घेऊन यायला सांगितले आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली. तिला त्यांनी विकासवाडी असे नाव दिले. जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर नेली. मूल शाळेच्या नियमात बसत नसेल तर नियम थोडा सैल करावा, एवढे साधे शहाणपण त्यामागे होते. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो, त्या कल्पनेची मुळे ताराबाईंच्या याच कामात आहेत.

आमचे म्हणणे असे की आपल्या शाळेने हेच करावे. अशोक विजयादशमीच्या सुमारास वेचणी सुरू होते आणि माघ पौर्णिमेपर्यंत ती बहुधा आटोपते. या चार महिन्यांसाठी शाळेच्या आवारात आणि शक्य झाल्यास आसपासच्या दोन-तीन गावांच्या विहारांत हंगामी पाळणाघर चालवावे. सकाळी आई वावरात निघताना मूल सोडील आणि परतताना घेऊन जाईल. केंद्र शासनाच्या पाळणाघर योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाची सुमारे पंचवीस मुले, एक सेविका, एक मदतनीस आणि दिवसाचे साडेसात तास असा आराखडा आहे. २०२२ पासून ही योजना 'पाळणा' या नावाने चालते. आपल्याला नवे काही शोधून काढावयाचे नाही. तोच आराखडा घ्यावा आणि वेचणीच्या वेळापत्रकाप्रमाणे तास वाढवावेत. शासनाची योजना मिळाली तर उत्तम, त्यासाठी अर्ज करावाच; पण तिच्या मंजुरीची वाट पाहत पुन्हा एक यादी तयार करू नये.

आक्षेप आणि उत्तरे

या विचाराला विरोध होईल हे आम्ही जाणतो. पहिला आक्षेप असा की आपण शाळा चालवितो, लहान मुले सांभाळणे हे आपले काम नाही. त्याला आमचे उत्तर त्या नऊ वर्षांच्या मुलीने आधीच दिलेले आहे. तिच्या भावाला सांभाळणे हे आपले काम नसेल, तर तिला शिकविणे हेदेखील आपल्याला जमणार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि जबाबदारीचा. तान्ह्या मुलाला काही झाले तर उत्तर कोण देणार? हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. सेविका ओळखीच्या गावातील, पोलीस पडताळणी झालेली हवी. मूल सोडणाऱ्याची व नेणाऱ्याची सही किंवा अंगठा रोजच्या रोज नोंदवहीत हवा. आरोग्य केंद्राशी आधीच बोलणे झालेले हवे. खर्चाविषयी एवढेच म्हणतो की संमेलनाच्या मांडवावर आणि शाली-श्रीफळांवर जे जाते, त्यात दोन बायांच्या चार महिन्यांच्या मजुरीचा मोठा भाग निघू शकेल. उरलेला आम्ही माजी विद्यार्थी दरमहा शंभर-दोनशे रुपये देऊन भरून काढू. या स्मरणिकेत आम्ही हे लेखी देत आहोत.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही पालक म्हणतात, पाळणाघर कशाला, वसतिगृहाचेच वय खाली आणा; पहिलीपासून मुले घ्या. आम्ही या मताशी सहमत नाही. आम्ही स्वतः वसतिगृहात राहिलो आहोत. दहा-अकराव्या वर्षी पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून कसे रडलो, हे आम्हांस ठाऊक आहे. पाच वर्षांच्या मुलाला ती रात्र देऊ नये. भगवान बुद्धांनी राहुलाला प्रव्रज्या दिली तेव्हा वृद्ध शुद्धोदन व्याकूळ झाले आणि त्यांनी विनंती केली की आई-वडिलांच्या अनुमतीवाचून कोणाच्याही मुलाला संघात घेऊ नये. बुद्धांनी ती विनंती मान्य करून तसा नियमच केला, असे विनयपिटकात आले आहे. संघासारख्या पवित्र ठिकाणीसुद्धा मुलाच्या मायबापाचे दुःख मोजले गेले. मायबाप आज नाइलाजाने अनुमती द्यायला तयार आहेत म्हणून आपण त्यांच्या नाइलाजाचा आधार घेऊ नये. लहान मुलाने दिवस आपल्याकडे काढावा आणि रात्री आईच्या कुशीत झोपावे, हीच रीत योग्य.

सिगालोवाद सुत्तात मालकाने कामकऱ्यांशी कसे वागावे हे सांगितले आहे. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळोवेळी मोकळीक द्यावी. आपल्या समाजातील काही घरे आज जमीन राखून आहेत, मजूर लावतात. त्यांनी आपल्या वावरात येणाऱ्या बाईला मुलाची सोय विचारली तर हे सुत्त विहारातून वावरापर्यंत पोहोचले असे आम्ही समजू.

यादी कशी ठेवावी

पाळणाघर निघाले तरी वसतिगृहाची यादी एकाएकी संपणार नाही. म्हणून ती कशी ठेवावी, याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे.

पहिली गोष्ट, यादी उघडी असावी. नाव, नोंदणीची तारीख आणि क्रमांक असलेला कागद कार्यालयाबाहेरील फलकावर लावावा आणि दर महिन्याला बदलावा. झाकलेल्या यादीवर प्रामाणिक माणसानेही विश्वास ठेवू नये, कारण संशय घ्यायला तिच्यात जागा असते.

दुसरी, प्राधान्याचा क्रम आधी जाहीर व्हावा. आई-वडील नसलेले मूल, एकट्या आईचे मूल, कामासाठी स्थलांतर करणाऱ्या घरातील मूल, धाकट्या भावंडापायी शाळा बुडालेली मुलगी यांना आधी जागा द्यावी. एखाद्याला क्रम सोडून घेतले तर त्याचे कारण यादीतच दोन ओळींत लिहावे. कारण लिहिण्याची लाज वाटत असेल, तर तो प्रवेश देऊ नये.

तिसरी, शिफारसपत्रे घेणे बंद करावे. आम्हांपैकी कित्येकांनी ओळखीच्या मुलासाठी चिठ्ठी दिलेली आहे, हे येथे कबूल करतो. चिठ्ठी देताना आपण कोणाचे भले केले असे वाटते. त्या चिठ्ठीने जो एक क्रमांक खाली ढकलला गेला, त्या मुलाचे तोंड आपल्याला कधी दिसत नाही. यापुढे आम्ही अशी चिठ्ठी देणार नाही.

चौथी, ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नये. शासनानेही हे तत्त्व मान्य केले आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या, दहावीनंतर शिकणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत भोजन, निवास आणि इतर खर्चासाठी थेट रक्कम दिली जाते. आपणही यादीतील मुलांना वह्या-पुस्तके, रविवारची शिकवणी आणि पुढील वर्षीच्या चाचणीची तयारी देऊ शकतो. आत आलेले मूल आपले आणि बाहेर राहिलेले परके, असे नाही.

पालकांनाही काही सांगणे आहे. जन्माचा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला जूनच्या घाईत काढू नका. हिवाळ्यातच तयार ठेवा. नाव नोंदविले की तारीख घातलेली पावती मागून घ्या. ती मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. मोबाईल क्रमांक बदलला तर कार्यालयास कळवा, कारण लागलेला क्रमांक केवळ फोन न लागल्यामुळे पुढे सरकल्याची उदाहरणे आहेत. एकाच ठिकाणी आस लावून बसू नका. नवोदय विद्यालय आहे, शासकीय निवासी शाळा आहेत. दोन्ही सहावीपासून आहेत, तेथेही अर्ज करा. आणि अन्यत्र प्रवेश मिळाला तर येथील नाव त्याच दिवशी काढून घ्या. तुमच्या एका निरोपाने मागच्या मुलाचा क्रमांक लागतो.

शेवटी

ती बाई पुन्हा कार्यालयात आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्या दिवशी लिपिकाने नियमाप्रमाणेच केले. त्याला दोष नाही. नाव लिहून ठेवण्याइतकीही जागा आपल्या वहीत नव्हती, हा दोष आम्हां सर्वांचा आहे. तिचा मुलगा आता सहा वर्षांचा झाला असेल आणि मुलगी अकरा. मुलाला अजून उशीर झालेला नाही. मुलीच्या बाबतीत तसे खात्रीने म्हणवत नाही.

संस्थेच्या विश्वस्तांना, गुरुजनांना आणि माजी विद्यार्थी बांधव-भगिनींना आमची नम्र विनंती आहे की येत्या विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, शाळेतील एक खोली रिकामी करून तिच्यात दहा पाळणे आणि एक सतरंजी घालावी. तेवढ्याने प्रारंभ होईल. पुढील संमेलनात वक्त्यांनी सांगावे की यंदा प्रतीक्षा यादी इतक्या नावांनी कमी झाली. त्या वाक्यावर आम्ही मनापासून टाळ्या वाजवू.

नमो बुद्धाय. जय भीम.